करवलीचा बेस आणि अबोली नखं: मे महिन्यातल्या लग्नासाठी, क्रमवार

नवरीला पार्लरवाली असते. करवलीला असतो हॉलच्या खोलीतल्या आरशाचा एक कोपरा, एक पिवळा बल्ब आणि दारातून येणारी हाक, "आटप गं, गुरुजी थांबलेत!" मग मंगलाष्टकांपर्यंत नाकाच्या बाजूने बेस, म्हणजे चेहऱ्यावरचा फाउंडेशनचा थर, फाटतो, कपाळ चकाकायला लागतं आणि अक्षता टाकणाऱ्या हाताच्या दोन नखांवर चादरीची जाळी उमटलेली दिसते.

दर उन्हाळ्यात घरातल्या कुणी ना कुणी मला विचारतं, "कुठलं फाउंडेशन घेऊ?" मी उलट विचारते, लावलंस कशावर आणि किती वेळ थांबून? बहुतेक वेळा बाटली बरी असते. ओल्या कातडीवर, मध्ये न थांबता, एकावर एक थापलेलं असतं. नेलपेंटचं रडगाणंही तेच. म्हणून खाली वस्तूंपेक्षा वेळेबद्दल जास्त लिहिलंय. मुहूर्त दुपारी १२.३० चा आणि घरातून १० ला निघायचं, असं धरलंय. तुमच्या वेळेनुसार मागेपुढे करा.

## १. आठ दिवस आधी: शेड दुकानाबाहेर ठरवा

मनगटावर शेड बघू नका. हात आणि चेहरा एका रंगाचे नसतात, स्कूटीवरून हिंडणाऱ्यांचे तर मुळीच नाहीत. जवळजवळच्या तीन शेड घ्या आणि कानाखाली, जबड्यावरून मानेकडे उतरणाऱ्या तीन रेघा ओढा. मग दुकानातून बाहेर या, सावलीत पण उजेडात उभ्या राहा आणि पंधरा मिनिटं काहीच करू नका. उसाचा रस प्या. हवा आणि चेहऱ्याचं तेल लागलं की बरीच फाउंडेशनं थोडी गडद होतात, काही केशरी पडतात. पंधरा मिनिटांनी जी रेघ शोधावी लागते, ती तुमची.

मी हे एकदा केलं नव्हतं. दुकानात पांढराशुभ्र उजेड होता आणि "मॅडम, एक शेड उजळच शोभेल तुम्हाला" असा सल्ला मिळाला. चुलत बहिणीच्या लग्नातल्या फोटोंत माझी मान गव्हाळ आहे आणि चेहरा चुलीतल्या राखेचा. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर उजळ शेड गोरी दिसत नाही, ती राखाडी दिसते. तिच्यातल्या पांढऱ्या रंगद्रव्याचा पातळ थर गडद रंगावर बसला की निळसर-करडी झाक येते. वर कितीही पावडर मारा, ती जात नाही.

शेडची गडदपणाची पायरी बरोबर असूनही चेहरा परका वाटत असेल, तर झाक चुकलेली असते. नावात वॉर्म असेल तर पिवळसर, कूल असेल तर गुलाबीसर, न्यूट्रल म्हणजे मधली. शिरा निळ्या दिसल्या तर कूल, हिरव्या तर वॉर्म ही मनगटाची युक्ती सावळ्या हातावर फसते, कारण शिरा नीट दिसतच नाहीत. माझ्या पाहण्यातल्या गव्हाळ चेहऱ्यांपैकी बहुतेकांना पिवळसर झाकच जुळली आहे.

माझं आवडतं विचाराल तर मेबेलिनचं फिट मी, मॅट अँड पोअरलेस. थंडीत २३० नंबर, नॅचरल बफ. मेमध्ये ऊन लागून रंग काळवंडला की ३१०, सन बेज. मधल्या दिवसांत दोन्ही थेंब थेंब मिसळते. डिसेंबरच्या लग्नाला जुळलेली बाटली मेमध्ये जुळेलच असं धरून चालू नका.

तपासा: जुनी बाटली वापरणार असाल तर मागे उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात '१२ एम' असा आकडा शोधा. उघडल्यापासून इतके महिने ती वापरायची. वास खवट झाला असेल किंवा हलवूनही तेल वर तरंगत असेल, तर आकडा न बघताच टाका.

## २. तीन दिवस आधी: थ्रेडिंग आणि रंगीत तालीम

थ्रेडिंग, अपर लिप, ब्लीच, जे काय असेल ते आजच उरका. आदल्या दिवशी नको आणि त्या सकाळी तर नकोच. ताज्या ओढलेल्या कातडीवर फाउंडेशन झोंबतं आणि ठिपक्यांनी बसतं. नवीन फेशियलचा प्रयोग लग्नानंतर करा.

मग संध्याकाळी अर्ध्या चेहऱ्यावर सगळे थर लावून बघा: मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, प्रायमर (फाउंडेशन धरून ठेवायला त्याच्याखाली लावतात तो थर), फाउंडेशन. तासभर स्वयंपाकघरात वावरा. गालावर खोडरबराच्या किसासारख्या वळ्या निघत असतील तर दोन थर एकमेकांना धरत नाहीयेत. प्रायमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याचं असेल तर असं होऊ शकतं. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच डायमेथिकोन किंवा शेवटी 'सिलोक्सेन' असलेली नावं आली की ते सिलिकॉनचं. दोन्ही एकाच जातीचे घ्या, किंवा सरळ प्रायमर वगळा. मी निम्म्या वेळा वगळतेच. सनस्क्रीन चांगलं बसलं असेल तर त्याची फारशी गरज पडत नाही.

स्पंजही आजच धुऊन वाळवा. साबणाचं पाणी पिळल्यावर स्वच्छ येईपर्यंत धुवायचा. गेल्या दिवाळीचा बेस पोटात घेऊन बसलेला स्पंज पुरळ आणतो, आणि तो चेहऱ्यावर दिसतो नेमका लग्नाच्या सकाळी.

## ३. मेंदी, हळद आणि नखं: यांचा क्रम चुकवू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बरोबर क्रम असा: आधी जुनं नेलपेंट काढा, मग मेंदी, मग हळद, आणि सगळ्यात शेवटी नवं नेलपेंट.

मेंदी काढल्यावर रिमूव्हर घासायला बसलात तर बोटांच्या टोकांचा रंग फिका पडतो. शिवाय मेंदी नखांनाही रंगवते आणि तो रंग नख वाढून कापलं जाईपर्यंत उतरत नाही. नखं केशरी नको असतील तर मेंदीआधी बिनरंगी बेस कोटचा एक हात मारून ठेवा.

मेंदी गडद व्हावी म्हणून आपण तेल लावतो, बाम लावतो. ते सगळं नखांवरही बसतं आणि तेलावर नेलपेंट धरत नाही. हे लक्षात ठेवा, पुढच्या टप्प्यात लागणार आहे.

हळदीचा पिवळेपणा चेहऱ्यावर राहिला तर तुमची घासूनपुसून निवडलेली शेड दुसऱ्या दिवशी वेगळी दिसते. साबणाने खसाखसा घासू नका. हळदीचा रंग पाण्यात जेमतेम विरघळतो, तेलात सहज. खोबरेल तेल हलक्या हाताने चोळा, ओल्या मऊ फडक्याने पुसा, मग नेहमीच्या फेसवॉशने धुवा. केसांच्या रेषेत आणि कानामागे बघा. हळद तिथे लपते.

सावध: काही घरांत हळद लग्नाच्याच सकाळी असते. तसं असेल तर नखं आदल्या संध्याकाळीच करा, पण वर टॉप कोट हवाच. हळद लागली की लगेच धुवा. फिकट रंगावर ती पटकन चढते.

## ४. आदल्या संध्याकाळी ६ ते ८: अबोली नखं

रंगाबद्दल आधी. उन्हाळ्यासाठी माझं मत पक्कं आहे: अबोली. गजऱ्यातली अबोली डोळ्यांसमोर आणा. ना धड केशरी, ना धड गुलाबी. बाटल्यांवर ती कोरल, पीच, सॅमन अशा नावांनी येते. कोरल म्हणजे पोवळं, पण आपल्या अंगठीतलं पोवळं लालभडक असतं, म्हणून दुकानात कोरल मागितलं की कधी लाल हातात पडतं, कधी गुलाबी. हिरव्या बांगड्यांशेजारी अबोली जशी उठते तशी लाल उठत नाही, आणि जांभळ्या पैठणीलाही ती चालते.

बाटली बोटाशेजारी धरा, तळहाताशेजारी नको. गव्हाळ हाताला मधली अबोली छान. सावळ्या हातासाठी केशराकडे झुकणारी, थोडी गडद घ्या. दुधाळ, पांढरं मिसळलेली पीच सावळ्या बोटांवर खडूसारखी दिसते, आणि तिचे पट्टेही पडतात.

आता कृती.

नखं कापून कोरडी असताना घासा, एकाच दिशेने. कानशीसारखं पुढे-मागे केलं की टोकाचे पदर सुटतात. हात गरम पाण्यात भिजवून लगेच नेलपेंट लावणं ही जुनी सवय आहे, ती सोडा. नख पाणी पितं आणि फुगतं. सुकताना आकसतं, पण वरचा रंग तितका आकसत नाही. तिसऱ्या दिवशी कपची उडते ती यामुळे. भिजवायचंच असेल तर दुपारी भिजवा. मुळाची कातडी मागे ढकला, कापू नका.

मग कापसाला थोडा रिमूव्हर लावून प्रत्येक कोरं नख पुसा. रंग नसला तरी पुसा. मघाशी सांगितलेलं तेल आणि बाम इथे निघतात. या एका मिनिटाने नेलपेंट दोन-तीन दिवस जास्त टिकतं, असा माझा अनुभव. मेंदीवर ओघळ जाऊ देऊ नका.

बाटली खळखळ हलवू नका, तळव्यांमध्ये रवीसारखी फिरवा. हलवल्याने हवा शिरते आणि तीच नखावर बुडबुडे होऊन बसते. पंखा बंद करा किंवा मंद ठेवा, कारण जोराच्या वाऱ्याने वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि आतला द्रव अडकतो. खिडकी मात्र उघडी हवी. आणि गॅसच्या शेगडीजवळ, निरांजनाजवळ बसून नेलपेंट लावू नका. त्यातला द्रव पेट घेतो.

बेस कोट, दोन मिनिटं थांबा. मग पहिला हात: ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाला पुसून घ्या, मधोमध एक फराटा, डावीकडे एक, उजवीकडे एक. मुळाशी केसभर जागा सोडा. पहिला हात पट्टेदार आणि केविलवाणा दिसेल. दिसू दे! इथेच सगळ्या जणी घाबरून त्याच ओल्या नखावर परत ब्रश फिरवतात आणि रंग गोळा होतो. पाच मिनिटं थांबा, दुसरा हात द्या. फिकट अबोलीला तिसराही लागतो. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा लवकर सुकतात, कारण प्रत्येक थरातला द्रव उडून जायला वाट मिळते.

शेवटी टॉप कोट, आणि ब्रश नखाच्या टोकाच्या धारेवरूनही फिरवा. साडीच्या निऱ्या आणि पिना तिथेच लागतात.

तपासा: वीस मिनिटांनी दोन नखांचे पृष्ठभाग एकमेकांना अलगद टेकवा. चिकटल्यासारखं वाटलं तर अजून ओलं आहे. हाताला कोरडं लागलं तरी आतून पूर्ण घट्ट व्हायला काही तास जातात. म्हणून संध्याकाळी ६ ला बसायचं, रात्री ११ ला नाही. चादरीची जाळी ११ वाल्यांच्या नखांवर उमटते.

सावध: गार पाण्यात बोटं बुडवल्याने वरून घट्ट लागतं, आत मऊच असतं. त्यावर विसंबून भांडी घासायला जाऊ नका. (सुट्टी मागायला कारणही चांगलं आहे.)

## ५. लग्नाची सकाळ, ७.३०: घाम आटेपर्यंत हात लावू नका

आंघोळ कोमट नाही, गार पाण्याने. गरम आंघोळीनंतर अर्धा तास अंग घामेजत राहतं, आणि मुंबई-कोकणात तो घाम उडून जातच नाही, कारण हवा आधीच ओली. पंख्याखाली पंधरा मिनिटं बसा. केस, गजरा, बांगड्या, जे चेहऱ्याला लागत नाही ते या वेळात उरका. ब्लाउजही आत्ताच घाला. डोक्यावरून घ्यायचा असेल तर नक्कीच.

बर्फ फिरवायचाच तर मलमलीच्या फडक्यात गुंडाळून मिनिटभर, मग चेहरा टिपून पुन्हा पाच मिनिटं थांबा. ओल्या चेहऱ्यावर सुरुवात केली तर फायदा शून्य.

## ६. ८.१५: खालचे थर

मॉइश्चरायझर वाटाण्याएवढं. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे जेलसारखं हलकं. नागपूर, अकोला, जळगाव इथे उलट: हवा कोरडी ठणठणीत असते, तिथे मॉइश्चरायझरमध्ये कंजुषी केली तर बेस वितळत नाही, तडकतो. कोकणातल्या मावशीचा सल्ला नागपूरच्या लग्नाला वापरू नका. पाच मिनिटं थांबा.

सनस्क्रीन: चेहऱ्याला आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांएवढं. "फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे की" असं ऐकते मी. बाटलीवरचा एसपीएफचा आकडा, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो तो, एका चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर लावून काढलेला असतो. तेवढं फाउंडेशन लावलंत तर दशावतारात उभं करतील. सनस्क्रीन वेगळंच हवं, आणि दोन खेपांत लावा म्हणजे जिरतं. पंधरा मिनिटं थांबा. ही पंधरा मिनिटं सगळ्या जणी खातात आणि बेस नेमका इथेच बिघडतो. पोहे खाऊन घ्या. लिपस्टिकनंतर तसंही खाता येणार नाही.

काही सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं, ते सावळ्या चेहऱ्यावर पांढरट बसतं. वांग असेल तर रंगीत सनस्क्रीन घ्या. त्यातली आयर्न ऑक्साइडं साध्या सनस्क्रीनला न अडणारा दृश्य प्रकाशही अडवतात, आणि पांढरेपणा झाकतात तो वेगळाच.

प्रायमर लावणार असाल तर फक्त नाक, नाकाच्या बाजू आणि कपाळाचा मधला भाग. तेलकट चेहऱ्याच्या मैत्रिणी कॅलामाइन लोशन लावतात; चालतं, पण ते गुलाबीसर पांढरं असतं, म्हणून अगदी पातळ.

टिकलीची जागा: भुवयांच्या मध्ये रुपयाएवढी जागा कोरडी ठेवा. क्रीम, प्रायमर, फाउंडेशन काही नको. टिकली गळते ती घामाने कमी आणि तिच्या खाली लावलेल्या तेलकट थरामुळे जास्त.

तपासा: गालाला हाताची पालथी बाजू लावा. चिकटत असेल तर अजून पाच मिनिटं.

## ७. ८.४५: रंग

डोळ्यांखाली काळं असेल तर त्यावर थेट उजळ कन्सीलर (डाग झाकायचं दाट क्रीम) लावू नका, तेही राखाडी होतं. आधी केशरी किंवा पीच करेक्टरचा मसुराच्या डाळीएवढा ठिपका, फक्त काळ्या भागावर, बोटाने थोपटून. आपल्याकडची वर्तुळं निळसर-तपकिरी असतात आणि केशरी रंग त्या निळ्याला मारतो.

फाउंडेशन: पूर्ण चेहऱ्याला दोन थेंब. खरंच दोन. चेहऱ्याच्या मधून बाहेर पसरवा, केसांच्या आणि जबड्याच्या कडेला जवळजवळ काही उरू नये. स्पंज ओला करून टॉवेलमध्ये घट्ट पिळलेला हवा. पाणी ठिबकत असेल तर थर पांगतो. घासू नका, टिपा. जिथे डाग दिसतो तिथेच दुसरा ठिपका. सगळ्या चेहऱ्यावर दुसरा थर देण्याचा मोह दमट हवेत सगळ्यात महागात पडतो. घामाला बाहेर यायला जागा लागते आणि तो थर उचलूनच बाहेर येतो.

मानेवर उरलासुरला स्पंज फिरवा, पण ठुशी बसते तिथपर्यंत नको. दागिन्यांच्या दोऱ्याला आणि ब्लाउजच्या काठाला लागलेला डाग निघत नाही.

कन्सीलर शेवटी, आणि कमी. फाउंडेशनने अर्धं काम केलेलं असतं.

## ८. ९.०५: पावडर

डोळ्यांखालच्या आणि ओठांशेजारच्या रेषांत बेस साचला असेल तर आधी बोटाने थोपटून सपाट करा, मगच पावडर. रेषेवर पावडर बसली की ती रेषा दिवसभरासाठी कोरली गेली.

पफने दाबून लावा, ब्रशने झाडू नका. कपाळ, नाक, हनुवटी पुरे. दमट गावात नाकाच्या बाजूंना जास्त दाब द्या. नथ घालणार असाल तर नथीखालच्या नाकपुडीला आणि ओठाच्या वर दोनदा. नथ तिथे दिवसभर घासत असते. कोरड्या गावात गालांना पावडर लावूच नका.

सावध: बारीक पांढरी, सिलिकाची लूज पावडर फ्लॅशमध्ये पांढऱ्या धब्ब्यांसारखी उमटते. मोबाइलचा फ्लॅश लावून आत्ताच एक फोटो काढा. धब्बा दिसला तर जास्तीची पावडर झटका, वर तुमच्या शेडचा कॉम्पॅक्ट दाबा.

सेटिंग स्प्रे हातभर लांबून, डोळे मिटून, आणि सुकेपर्यंत हसू नका. मग टिकली. मग साडी.

## ९. हॉलवर

पिशवीत टिश्यू, कॉम्पॅक्ट, दोन जास्तीच्या टिकल्या, अबोलीची बाटली आणि थोडा रिमूव्हर. घाम आला की आधी टिश्यू दाबून टिपा, पुसू नका, आणि तीस सेकंदांनी पावडर. घामावर थेट पावडर म्हणजे ओल्या पोळपाटावर सांडलेलं पीठ, गोळेच होणार. नाकाशेजारी बेस फाटलाच तर त्यावर फाउंडेशन चोपडू नका. स्वच्छ बोटाने तिथलं साचलेलं गोल फिरवून पसरवा, टिपा, कॉम्पॅक्ट दाबा.

एखाद्या नखाची कपची उडाली तर बोटाच्या टोकाला रिमूव्हर लावून फक्त तो खड्डा गुळगुळीत करा, त्यात एक ठिपका, सुकल्यावर पूर्ण नखावर एक पातळ हात. पंगत बसायच्या आधी निदान वीस मिनिटं हाताशी हवीत. गरम वरणभात आणि ओलं नेलपेंट यांचं जमत नाही.

## १०. रात्री

कितीही दमलात तरी चेहरा तसाच ठेवून झोपू नका. खोबरेल किंवा क्लीन्सिंग बाम कोरड्या चेहऱ्यावर, कोरड्या हाताने चोळा; पाणी नंतर. फडक्याने पुसा, फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर. नखांना हात लावू नका, तिसऱ्या दिवशी वरून टॉप कोटचा एक पातळ हात द्या, टोकाच्या धारेसकट. पूजेपर्यंत अबोली टिकते.